ऐंशी नंबरची खिडकी

१ मार्च १९९९, सोमवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरी आहेत, पण त्या दोन महिन्यांत नोंद घेण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आता घडणार. क्लासची पाटी बदलली. 'नाथाजी टायपिंग इन्स्टिट्यूट' गेलं, 'नाथाजी इन्फोटेक, विटा' आलं. पेंटरने 'न्फो' जरा कलता काढलाय. मॉडर्न वाटतो.

संकल्प : रोज एक तास इंटरनेटचा अभ्यास. चहा दिवसातून दोनदाच.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

चहा पाच झाले, पण कारण होतं. नानासो आले होते. कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली निम्मी माणसं याच धंद्यात, देशभर पसरलेली. नानासोंना त्या सगळ्यांची नावं, पत्ते, फोन एका जागी हवेत. वेबसाईट, असा शब्द त्यांनी पोराकडून ऐकलाय.

का हवंय ते त्यांनी खाली बघत सांगितलं. धाकटा भाऊ गुंडा गया शहरात एका लॉजमध्ये पोटदुखीने गेला. त्याआधी तीन दिवस तिथेच पडून होता. "आवं मास्तर, दोन गल्ल्या सोडून आपल्याच माणसाचं दुकान हुतं. त्याला म्हैन्यानं कळलं. कुणाला ठावं असतं तर पोरगं वाचलं असतं." मग मी म्हणालो, नानासो, काळजी सोडा. साईट मी करतो. आणि पुण्या-मुंबईला कशाला ठेवायची? इथे विट्यात, माझ्या कॉम्प्युटरवरच ठेवतो.

९ मेला गलाईवाल्यांचा मेळावा आहे. सगळे गावी येतात. त्या दिवशी उद्घाटन ठरलं.

वेबसाईट कशी ठेवतात ते बघायला हवं.

३ मार्च

इंटरनेटचं कनेक्शन आलं. मॉडेम फोनला जोडला. तो बराच वेळ किंचाळतो, मग गप्प होतो, म्हणजे लागला. उत्कर्षा (सौ.) स्वयंपाकघरातून धावत आली, मांजर कशात अडकलं म्हणून. तिला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, "हे वरडत असताना मी आईला फोन कवा करायचा?" प्रगतीच्या वाटेत घरचीच माणसं आधी येतात.

४ मार्च

पुण्याहून मागवलेलं इंग्रजी पुस्तक आलं. नऊशे बारा पानं. वजनच सांगतं की आत काहीतरी आहे. चौदा पानं वाचली. महत्त्वाचा मुद्दा सापडला : वेबसाईटला पोर्ट ८० लागतो.

कॉम्प्युटर ओढून मागून पाहिला. प्रिंटरचा एक पोर्ट, माऊसचा एक, मॉडेमचा एक. एकूण तीन. म्हणजे सत्त्याहत्तर कमी आहेत. एवढंच काम आहे तर. उगाच लोक अवघड अवघड करतात.

५ मार्च, शुक्रवार

एसटीने सांगलीला. डीलरकडे सत्त्याहत्तर पोर्ट मागितले. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. मग विचारलं, कुणासाठी पाहिजेत. मी म्हणालो, माझ्यासाठी. तो आत गेला आणि आतून बऱ्याच जणांचं हसणं ऐकू आलं. काहीतरी घरगुती विनोद असावा. बाहेर येऊन म्हणाला, स्टॉक नाही.

सांगलीत टेक्नॉलॉजी अजून पोचलेली नाही. वाईट वाटलं.

६ मार्च

पोर्टचा विषय सहज प्रियदर्शनी मॅडमपुढे काढला. या माझ्या क्लासमध्ये शिकवतात. मिरजेच्या, बी.एस्सी. झालेल्या, इथे मावशीकडे राहतात. हुशार आहेत, पण बोलायच्या आधी फार विचार करतात. आजही केला. मग म्हणाल्या, सर, हे पोर्ट मागे हात लावून मोजायचे नसतात. ते नुसते नंबर आहेत.

त्यांचे वडील केरू मिरजेत हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसतात. मॅडम म्हणाल्या, हॉस्पिटलचा पत्ता एकच. पण आत गेलं की खिडक्या असतात. केसपेपर एका खिडकीवर, औषधं दुसऱ्या, रिपोर्ट तिसऱ्या. प्रत्येकीवर नंबर. औषधाच्या खिडकीवर केसपेपर मागितला तर मिळत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. पत्ता एक, खिडक्या अनेक. वेबसाईट बघायला येणारा माणूस ऐंशी नंबरच्या खिडकीवर येतो. फाईल चढवायची तर एकवीस. टपाल पाठवायला पंचवीस, आलेलं न्यायला एकशे दहा. आणि आत कुणीतरी बसलेलं पाहिजे, म्हणजे एखादा प्रोग्रॅम. नाहीतर खिडकी असून उपयोग नाही.

मला हे माहीत होतंच. त्यांना ते मांडता येतं का, ते बघत होतो. बऱ्यापैकी मांडलं.

१२ मार्च

सकाळच्या बॅचला पोर्ट या विषयावर माझं व्याख्यान. हॉस्पिटलचं उदाहरण दिलं. अचानक सुचलं म्हणून सांगितलं. मॅडम मागच्या बाकावर वह्या तपासत होत्या. मान वर केली नाही. त्यांना पटलं असावं.

भिंतीवर ऑईल पेंटने तक्ता काढून घेतला. टपाल पाठवायचा नंबर ११० आणि आलेलं न्यायचा २५ असा उलटा झालाय. पेंटरची चूक. (मी लिहून दिलेला कागद हरवला, ते एका अर्थी बरंच झालं.)

२० मार्च, शनिवार. दुपारी ३

ऐतिहासिक दिवस! मॅडमनी पहिलं पान करून दिलं. मी सर्व्हरचा, म्हणजे खिडकीत बसणारा प्रोग्रॅम चालू केला, पत्त्याच्या चौकटीत आपल्याच कॉम्प्युटरचं नाव टाकलं, आणि पान उघडलं! 'विटा परिसर गलाई बांधव'. कडेने सोनेरी पट्टी.

विशेष म्हणजे मॉडेमची वायर तेव्हा काढलेली होती. फोनशिवाय इंटरनेट! हे जगात अजून कुणाला जमलं नसावं. उत्कर्षाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्याच कॉम्प्युटरवरची वस्तू तुमच्याच कॉम्प्युटरवर दिसली, त्यात काय? तिचं गाव पाटण. डोंगराआड बातम्या उशिरा पोचतात.

२३ मार्च

ज्योतिषांना भेटलो. धंद्याचं नाव, उद्घाटनाची तारीख, पोर्टचा नंबर सगळं दाखवलं. नाव उत्तम, तारीख उत्तम, पण ऐंशी म्हणजे आठ. आठ म्हणजे शनी. नऊ करा, म्हणाले.

घरी येऊन सर्व्हरचा पोर्ट ८० चा ८१ केला. सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा, बस. मॅडम म्हणाल्या, सर, सगळं जग न सांगता ऐंशीवरच येतं. ८१ केला तर प्रत्येकाला पत्त्यापुढे ८१ टाका म्हणून सांगत बसावं लागेल. मी म्हणालो, ज्याला गरज आहे तो शोधत येईल. पेनाचं टोपण घालून त्या बॅच घ्यायला गेल्या.

५ एप्रिल

मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिका छापून आल्या. हजार. साईटचा पत्ता ठळक अक्षरांत, म्हणजे कॉम्प्युटरला इंटरनेटवर मिळालेला चार आकड्यांचा नंबर, मधे टिंबं. गेल्या सोमवारी कनेक्शन लावल्यावर स्क्रीनवरून मी स्वतः उतरवून घेतला. ८१ घालायचा राहिला. जागाही नव्हती, माझ्या फोटोमुळे.

मॅडमनी पत्रिका हातात घेतली, उलटी करून पाहिली. म्हणाल्या, सर, हा नंबर प्रत्येक वेळी फोन लावला की बदलतो. घर तेच, पण रोज नवा घरनंबर. आजचा बघा.

पाहिला. वेगळा होता.

मॅडम अशा वेळी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणत नाहीत. ही त्यांची एक सवय चांगली आहे आणि तिचा मला फार त्रास होतो.

६ एप्रिल

उपाय सापडला. बदलतो कधी? फोन ठेवून परत लावल्यावर. मग फोन ठेवायचाच नाही! नंबर लावून पाहिले. सत्तावीस वेळा लावल्यावर पत्रिकेतल्या नंबराच्या अगदी जवळचा मिळाला. शेवटच्या आकड्यात फक्त अकराचा फरक. आता हाच धरून ठेवायचा आणि पत्रिकेवर पेनाने दुरुस्ती करायची. फोनवर कागद चिकटवला : 'हात लावू नये. जग बघत आहे.'

१४ एप्रिल

जयंती. मॅडमना सुट्टी. मिरजेला गेल्या. जाताना मी उदार मनाने सांगितलं, आरामात या, पण जमलं तर तिथल्या एखाद्या सायबर कॅफेतून आपली साईट उघडून बघा.

१५ एप्रिल

उघडली नाही म्हणे. दोन कॅफेत पाहिलं. ८१ टाकून आणि न टाकता. लाईन मधेच पडून आपोआप परत लागली असणार, असा त्यांचा अंदाज.

माझा अंदाज : मिरजेचे कॉम्प्युटर जुने आहेत. तिथे तंबोरे चांगले होतात, पण प्रत्येक गावाला सगळंच येत नाही.

२४ एप्रिल, शनिवार

घरात बोलणं बंद. पाटणहून मेव्हणा तानाजी मोटरसायकलवरून आला. उन्हाने काळाठिक्कर पडलेला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा कराडला झालं. चार दिवस तो आमचा फोन लावत होता. सारखा एंगेज. "म्हटलं, समदी हायत का गेली बघावं," असं म्हणाला आणि पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला.

सासूबाई ठीक आहेत. मला हायसं वाटलं आणि मी तसं म्हणालो. उत्कर्षाने भावाला जेवायला वाढलं, पिशवी भरली आणि त्याच्याच मागे बसून कराडला गेली. जाताना फोनवरचा कागद फाडला आणि मॉडेमची वायर उपटून माझ्या हातात दिली.

नंबर गेला.

तानाजी निघताना म्हणाला, "दाजी, त्यो फोन कुणासाठी धरून ठेवलाय?" मी म्हणालो, अडल्यानडल्या माणसांचा पत्ता लागावा म्हणून. त्याने मोटरसायकलला किक मारली. मी नंतर घरात एकटाच होतो, तेव्हा माझंच हे वाक्य दोन-तीनदा आठवलं. बोलताना जितकं बरं वाटलं होतं तितकं मग वाटेना.

२ मे, रविवार

भाषण लिहायला घेतलं. 'पोर्ट : मानवी संस्कृतीचे प्रवेशद्वार'. बावीस पानं झाली.

मधे मॅडम येऊन काहीतरी सांगून गेल्या. नानासोंशी बोलल्यात, पुण्याच्या एका होस्टिंग कंपनीत साईटला जागा घेतलीय, तिथले कॉम्प्युटर कायम चालू असतात, ऐंशी नंबर उघडा असतो, पत्ता बदलत नाही, आकड्यांऐवजी नाव मिळालंय. मी 'बरं बरं' म्हणालो. मी तेव्हा भाषणात बंदरांपाशी होतो. पोर्ट म्हणजे मूळ बंदर. हे लोकांना ठाऊक नसतं.

मॅडम महिनाभर नावं गोळा करतायत. पोस्टकार्डं पाठवली, फोन केले, गलाईवाल्यांच्या घरी जाऊन बायकांकडून पत्ते उतरवून आणले. चारशे बारा झाली. कारकुनी कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

उत्कर्षा परत आली. माझ्याशी बोलते, पण गरजेपुरतं.

९ मे, रविवार. रात्री ८

नीट लिहितो.

मंगल कार्यालय भरलेलं. पाचशेच्या वर माणसं, कोचीनपासून आसामपर्यंतची. स्टेजवर कॉम्प्युटर, कार्यालयाच्या फोनला मॉडेम. माझा सर्व्हर क्लासमध्ये चालू ठेवून आलो होतो. नवा नंबर तळहातावर लिहिलेला.

भाषण सुरू केलं. बंदरांवरून मी रोमपर्यंत पोचलो होतो तेव्हा नानासोंनी माझ्या कोपराला हात लावला. "मास्तर, जेवणं निवायलीत. दावा आता."

नंबर टाकला. ८१ टाकला. स्क्रीन पांढरा. परत टाकला. घामाने तळहातावरचा एक आकडा पुसला होता. तीन होता की आठ? दोन्ही करून पाहिले. पाचशे माणसं गप्प बसली की पंख्याचाही आवाज येतो. मी माईकवरून सांगितलं, जगात आत्ता फार गर्दी आहे.

मॅडम स्टेजवर आल्या. "सर, मी बघू का?" मी जरा सरकलो. त्यांनी पुण्याच्या जागेचं नाव टाकलं. आकडा नाही, टिंबांची रांग नाही. मॉडेमच्या वेगाने, वरून खाली हळूहळू, पान उतरलं. सोनेरी पट्टी, मग नावं.

टाळ्या पडल्या. माणसं खुर्च्या सोडून पुढे आली. नावं इंग्रजीत होती, कितीतरी जणांना वाचता येईनात. मॅडम वाचून दाखवायला लागल्या. "आकाराम, हैदराबाद. आप्पासो, मदुराई." ज्याचं नाव येईल तो हात वर करायचा.

तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. बनाबाई, खानापूरकडची. तिचा मुलगा दिब्रुगडला. तीन वर्षांत आला नव्हता. भावकीशी भांडून गेलेला, पत्रही नाही. तिने विचारलं, "माझं अर्जुना हाय का गं ह्यात?" मॅडमनी खाली नेलं पान. होतं. दिब्रुगड, दुकानाचा पत्ता, फोन नंबर. शेजारच्या दुकानदाराने पोस्टकार्डावर कळवलं होतं.

बनाबाईने स्क्रीनला बोट लावलं. "ह्यो नंबर त्येचा? मग लावा की फोन."

फोन एकच. त्यावर इंटरनेट चालू. मी माईक घेऊन समजावायला लागलो की आत्ता ते शक्य नाही, उद्घाटन चालू आहे, कार्यक्रमानंतर बघू. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, वाकल्या आणि मॉडेमची वायर काढली. साईट गेली. फोन म्हातारीच्या हातात दिला आणि स्वतः नंबर फिरवला.

चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला.

बनाबाईने विचारलं, "कोण? अर्जुना?" आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिकडून काय बोलला ते कळलं नाही. मग ती म्हणाली, "न्हाई रं. रागवत न्हाई. तू जेवलास का?"

नानासो स्टेजच्या कडेला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

साईट एकूण सहा मिनिटं दिसली. माझ्या भाषणाची सोळा पानं राहिली. पण उद्घाटन यशस्वी झालं असं म्हणायला हरकत नाही. पुण्याची पर्यायी व्यवस्था वेळेवर उपयोगी पडली. 'बरं' म्हणून मंजुरी मीच दिली होती.

११ मे

पेपरात फोटो आला. मॅडम, बनाबाई, फोन. उजव्या बाजूला माईक धरलेला हात माझा आहे. उत्कर्षाने फोटोवर बोट फिरवून तो शोधून काढला आणि कराडहून आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

२० मे

नानासो आले होते, उद्या कोइमतूरला निघतात. म्हणाले, साईट झ्याक हाय, पर आमच्या माणसांकडं कॉम्प्युटर कुठं हाय? सगळी नावं कागदावर काढून द्या, गावोगावी पाठवतो. मी म्हणालो, नानासो, इंटरनेट कागदावर काढायचं म्हणजे विमान बैलांनी ओढायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मॅडमकडे बघितलं. मॅडमनी प्रिंटर लावला.

११ जून

कोइमतूरहून नानासोंचा फोन. आपल्याकडचा एक कारागीर विजयवाड्याला स्टेशनवर चक्कर येऊन पडला. भाषा येत नाही, बोलायची शुद्ध नाही. खिशात आपली यादी, घडी घातलेली. कुणा हमालाने त्यातला विजयवाड्याचा नंबर लावला. अर्ध्या तासात आपला माणूस रिक्षा घेऊन हजर. आता बरा आहे.

मी म्हणालो, अभिनंदन. ते म्हणाले, "मॅडमना द्या जरा फोन." दिला. मॅडम फक्त 'हो' आणि 'नाही काका' एवढंच म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बाहेर जाऊन तोंड धुऊन आल्या.

मी कॉम्प्युटरपुढे बसलो आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम बंद केला. महिनाभर चालूच होता. कुणीच आलं नव्हतं.

१९ जून, शनिवार

मॅडमना पुण्याला त्याच होस्टिंग कंपनीत नोकरी लागली. सोमवारपासून. मी म्हणालो, अगदी योग्य, मी सुचवणारच होतो.

अनुभवाचा दाखला मागितला. मी टाईप करायला बसलो. 'प्रियदर्शनी यांनी आमच्या संस्थेत इंटरनेट सर्व्हर व पोर्ट या विषयांचे शिक्षण घेतले.' मॅडम समोर उभ्या होत्या. वाचत होत्या.

मीच कागद काढला. दुसरा घातला. 'घेतले' ऐवजी 'दिले' केलं. कुणाला दिलं ते लिहिलं नाही. सही केली, शिक्का मारला. त्यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा कुठे बघावं ते मला समजेना.

२१ जून, सोमवार

दहाची बॅच मीच घेतली. पुढच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, पोर्ट नक्की उघडतो म्हंजे काय हुतंय?"

खडू हातात घेतला. फळ्यापर्यंत गेलो.

मी म्हणालो, मला नक्की माहीत नाही.

दोघांनी ते वहीत लिहून घेतलं.